गोलच असला पाहिजे

धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळ व्हायची ती स्टोव्हच्या आवाजानं. आई पंप मारायची, स्टोव्ह आधी थोडा खोकायचा, मग भडकायचा आणि मग एका सुरात घोंगावायला लागायचा. तो सूर लागला की मी अंथरुणातच भिंतीला टेकून बसायचे आणि कालचे कागद मांडीवर ओढायचे. नाना, म्हणजे माझे वडील, तोवर मोरीतून अंघोळ करून आलेले असायचे. हात जोडून ते बुद्धवंदना म्हणायचे आणि म्हणता म्हणता मधेच ‘दूध उतू चाललंय’ असंही सांगायचे. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा रेडिओ बाजारभाव वाचून दाखवायचा. या सगळ्याच्या मधोमध माझं संशोधन चालायचं. लोक मला अजून विचारतात, गणिताला शांतता लागत असेल ना? मला ती तेव्हा मिळालीच नाही, त्यामुळे लागते की नाही हे सांगता येणार नाही. आज या घरात शांतता उदंड आहे आणि मी शब्दकोडी सोडवते.

नाना पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. इंजिनिअर साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर निळसर, मेणचट कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं वर उतरवायची, हे त्यांचं काम. लहानपणी सुट्टीत ते मला कधीकधी कचेरीत घेऊन जायचे. तिथल्या लांबलचक तिरक्या टेबलाशी उभं राहून मी त्यांचा हात बघत बसायचे. धरणाच्या भिंतीचा छेद, कालव्याचं वळण, टेकडीच्या समोच्च रेषा. वळण आलं की ते लाकडी वक्रपट्ट्यांमधून एक उचलायचे, लावून बघायचे, नको म्हणून ठेवायचे, दुसरी घ्यायचे. ‘कुठलंही वळण पट्टीत असतंच, फक्त तुकडा सापडला पाहिजे,’ असं म्हणायचे. भूमिती आमच्या घरात आली ती अशी, शाळेच्या कितीतरी आधी. नकाशाच्या कोपऱ्यात सही मात्र साहेबांची असायची. नानांना ओव्हरसियर व्हायचं होतं. ते झालं नाही, आणि त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मला एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला तेव्हा मात्र ते म्हणाले, ‘आता इथं थांबायचं नाही. नावाच्या आधी डॉक्टर लागलं पाहिजे.’

आई साक्रीकडच्या एका खेड्यातली. शहरात इतकी वर्षं राहूनही तिची अहिराणी सुटली नव्हती, आणि सुटावी असं तिला वाटतही नव्हतं. माझं काम काय आहे हे तिनं एकदा नीट विचारून घेतलं होतं. मी सांगितलं ते असं: धातूच्या गोळ्याला वीजभार दिला तर तो भार गोळ्याच्या पृष्ठभागावर सगळीकडे सारखा पसरतो. गोळ्याऐवजी अंड्यासारखा आकार घेतला तर भार निमुळत्या टोकाकडे जास्त गोळा होतो. उंच इमारतींवर वीज पडू नये म्हणून सळई लावतात, तिचं टोक अणकुचीदार असतं ते यामुळेच. हे सगळं पुस्तकात आहे. माझा प्रश्न उलटा आहे. एखाद्या वस्तूवर भार जर सगळीकडे अगदी सारखा पसरत असेल, तर ती वस्तू गोलच असली पाहिजे का? दुसरा कुठला वेडावाकडा आकार असा निघू शकतो का?

आई परातीत कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, पीठ मळत होती. तिनं मळायचं थांबवलं.

‘जे गोल शे ते गोलच शे ना व? त्याले सिद्ध काय करनं?’

तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. कॉलेजातल्या माझ्या सहकाऱ्यांचं म्हणणंही यापेक्षा फार वेगळं नव्हतं. कुणाला भाकरीवरून विनोद सुचायचा, कुणाला चेंडूवरून. ते विनोद मी इतके ऐकलेत की आजही कुणी भाकरीच्या गोलाईचं कौतुक करायला लागलं की मी पानावरून उठायला बघते.

मी देवपूरच्याच एका कॉलेजात तात्पुरती लेक्चरर होते. दर उन्हाळ्यात नेमणूक संपायची, दर पावसाळ्यात पुन्हा मिळायची, आणि कायम व्हायचं असेल तर पीएच.डी. करा असं प्राचार्य बजावायचे. माझे मार्गदर्शक जळगावला होते, चौधरी सर. शनिवारी कॉलेज आटोपलं की मी एस.टी. पकडायचे. पारोळा, एरंडोल करत ती जळगावला पोचेपर्यंत अंगावर धुळीचा थर बसलेला असायचा. सर पुढच्या खोलीतल्या झोपाळ्यावर बसलेले असायचे. सरांच्या पत्नी आधी पाणी द्यायच्या, मग केळी, आणि वांग्यांचे दिवस असले की भरीत-पुरी खाल्ल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत. माणसं चांगली होती. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कुणाचा उलटा समज होऊ नये.

सरांचं क्षेत्र सापेक्षतावाद. त्यांची एक पद्धत बसलेली होती. विश्वाचा एखादा नवा नमुना घ्यायचा, त्याचं अंतर मोजायचं सूत्र, ज्याला आम्ही मेट्रिक म्हणतो, ते लिहायचं, समीकरणांत घालायचं, समीकरणं सुटतील इतक्या अटी लावायच्या आणि उत्तर आलं की पेपर पाठवायचा. मग मेट्रिकमध्ये एक पद बदलायचं आणि दुसरा पेपर. त्यांचे बरेच विद्यार्थी असे डॉक्टर झाले होते. मी पहिल्यांदा माझा प्रश्न घेऊन गेले तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

‘हे खरं असणार,’ ते म्हणाले. ‘कोणीतरी केलंही असेल.’

‘कोणी, सर?’

‘ते बघावं लागेल.’

बघायचं कुठे, हीच तर अडचण होती. जळगावच्या ज्या ग्रंथालयावर आमची भिस्त होती तिथे परदेशी नियतकालिकांची एक मांडणी होती. त्यातली बहुतेक मधेच कुठल्यातरी वर्षी थांबलेली. एक तर अशा अंकाशी थांबलं होतं की ज्यातल्या पेपराचा पहिला भाग आमच्याकडे होता आणि दुसरा नव्हता. ग्रंथपाल बाई फार सौजन्यानं म्हणायच्या, ‘मागवलंय.’ मी काम करत होते ती वर्षं त्या ‘मागवलंय’वरच गेली. मला हवा होता तो पेपर आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं, त्यामुळे मागवायचं तरी काय हेही सांगता येत नव्हतं. माझ्या प्रश्नावर जगात कोण काम करतंय, कुणी केलंय का, का मीच एकटी या भिंतीवर डोकं आपटतेय, हे कळायला मार्ग नव्हता. तरुण मंडळी आज दोन शब्द टाइप करतात आणि सगळं समोर येतं. त्यांचा हेवा वाटतो असं मी कार्यक्रमांत म्हणते. खरं तर राग येतो.

तरीही मला सिद्धता सापडली. मार्चमधली सकाळ होती. आई गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला गेली होती. मी तिला मदत करायला हवी होती आणि ‘आलेच’ म्हणत बसून राहिले होते. माझी कल्पना अशी होती: आकाराच्या आत एक मध्यबिंदू धरायचा. त्याच्यापासून सगळ्या दिशांना रेषा सोडायच्या. प्रत्येक रेषा पृष्ठभागाला भेटेपर्यंत जेवढी लांब जाते ते अंतर मोजायचं, आणि भार सारखा असेल तर ही सगळी अंतरंही सारखीच असली पाहिजेत असं दाखवायचं. एक पद कित्येक महिने अडून बसलं होतं. त्या सकाळी वक्रतेचं एक जुनं सूत्र घालून बघितलं आणि ते पद गळून पडलं. खाली फक्त बरोबरचं चिन्ह उरलं. मी वर गच्चीवर गेले. आईचे हात कोपरापर्यंत चिकानं भरलेले होते. मी म्हटलं, ‘झालं.’ ती म्हणाली, ‘आते हाई धोतर धर त्या टोकले.’ मी धोतराचं टोक धरलं. उन्हात उभी राहून मी हसत होते आणि आई मला वेडी झालीस का असं विचारत होती.

सरांनी सिद्धता वाचली, कडेला पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा केल्या आणि म्हणाले, ‘प्रबंध बांधायला घे.’ त्या काळी प्रबंध टाइपरायटरवर टंकायचे. टंकलेखक इंग्रजी मजकूर टंकायचा आणि गणिती चिन्हांच्या जागा कोऱ्या सोडायचा. मग ती चिन्हं हातानं भरायची. बाकीचे विद्यार्थी बॉलपेननं भरत. आमच्याकडे नानांनी ती पानं ताब्यात घेतली. ‘तू हात लावू नको, तुझं अक्षर कोंबडीचे पाय आहे,’ म्हणाले. कचेरीतून आले की चहा घेऊन ते खिडकीशी बसायचे आणि संध्याकाळचा उजेड असेपर्यंत काळ्या शाईनं एकेक चिन्ह भरायचे. समाकलनाची ती उंच वळणदार खूण त्यांनी अशी काढली होती की छापखान्यालाही जमली नसती. मधूनच विचारायचे, ‘ही वरची टिकली किती जाड?’ चिन्हाचा अर्थ त्यांनी कधी विचारला नाही. अर्थ माझ्याकडे आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती.

आणि त्यांनी वस्तीत सांगून टाकलं. विहाराच्या हॉलमध्ये सत्कार ठरला. पहूरला दिलेली माझी मोठी बहीण, आक्का, हिला निरोप गेला. नानांनी एका पत्र्यावर स्वतः माझ्या नावाची पाटी रंगवली. ‘डॉ.’ मधलं टिंब त्यांनी कंपासनं काढलं होतं. मी म्हटलं, ‘नाना, अजून प्रबंध जायचाय, तपासायचाय, तोंडी परीक्षा व्हायचीय.’ ते म्हणाले, ‘होईल ना. पाटी वाळायला वेळ लागतो.’

मे महिन्यात जळगावला शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिर होतं. मद्रासहून राघवन नावाचे एक प्राध्यापक व्याख्यानं द्यायला आले होते, शिडशिडीत, पांढरा बुशशर्ट घातलेले, घामानं हैराण झालेले. चौधरी सरांना माझा अभिमान होता. त्यांनीच आयोजकांना सांगून माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान ठेवलं, जेवणानंतरचं. हॉलमध्ये वाळ्याचा कूलर घरघरत होता, जेवणात शेवभाजी होऊन गेली होती, निम्मी मंडळी पेंगत होती. मी इंग्रजीतून बोलले, घाईघाईनं, पण नीट. प्रमेय लिहिलं, मध्यबिंदू घेतला, रेषा सोडल्या, पद गाळलं, बरोबरच्या चिन्हाखाली रेघ मारली. सर पहिल्या रांगेत हसऱ्या चेहऱ्यानं बसले होते. राघवन दुसऱ्या रांगेत हातातल्या कागदानं वारा घेत होते. त्यांनी हात वर केला.

‘तुमची रेषा मध्यबिंदूतून निघते आणि पृष्ठभागाला भेटते,’ ते म्हणाले. ‘एकदाच भेटते?’

‘हो,’ मी म्हटलं.

‘नेहमी?’

ते उठले, माझ्या हातातला खडू मागून घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यात वालाच्या दाण्यासारखा एक आकार काढला, मधे खोलगट, दोन्हीकडे फुगलेला. एका फुगवट्यात टिंब ठेवलं आणि तिथून एक रेघ ओढली. रेघ बाहेर पडली, खोलगट भागावरून हवेत गेली, पुन्हा दुसऱ्या फुगवट्यात शिरली आणि पुन्हा बाहेर आली. त्यांनी खडू परत माझ्या हातात दिला.

मला पुढचं काही ऐकायची गरज नव्हती. तिथे उभ्या उभ्या कळलं की सगळं गेलं. अंतर एकच नव्हतं, म्हणून ते मोजता येत नव्हतं, म्हणून सूत्र लागू होत नव्हतं, म्हणून पद गळत नव्हतं. कानांत कूलर तेवढा ऐकू येत होता. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, वेळ संपली म्हणून.

चहाच्या वेळी राघवन स्वतःहून माझ्याकडे आले. ‘रेषा एकदाच भेटते अशी अट घातलीत तर सिद्धता बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘पण मग फार थोडं उरतं. ते मी विद्यार्थ्यांना सरावासाठी देतो. प्रश्न मात्र सुंदर आहे. सोडू नका.’

‘मग तो कसा सोडवायचा, सर?’

‘ते मला माहीत नाही. हे माझं क्षेत्र नाही.’ त्यांनी बशीत चहा ओतून प्यायला आणि घड्याळ बघितलं. त्यांना गाडी पकडायची होती.

सोडू नका. इतक्या वर्षांनंतरही हे दोन शब्द आठवले की माझं डोकं तापतं. माणूस सज्जन होता, त्यानं माझी लाज राखली, दुसरा असता तर वीस जणांसमोर हसला असता. पण सोडू नका म्हणून तो मद्रासच्या ग्रंथालयात परत जाणार होता आणि मी ‘मागवलंय’कडे.

त्या दिवशी मी सरांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर बसले होते, पण झोका घेत नव्हते.

‘त्या गृहस्थांनी बारकाई काढली खरी,’ ते म्हणाले. ‘पण ते काही तुझे परीक्षक नाहीत. परीक्षक दोघंही माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. प्रबंध आहे तसा जाऊ दे.’

‘सर, ते चूक आहे.’

‘चूक नाही, अपुरं आहे. प्रमेय खरंच आहे, तुलाही माहीत आहे. वालाच्या दाण्यावर भार सारखा पसरेल का? मग?’

‘प्रमेय खरं असेल, पण मी ते सिद्ध केलेलं नाही. आणि प्रबंधात तर लिहिलंय, सिद्ध केलं.’

‘सुनंदा,’ सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता, ‘तुझी नेमणूक तात्पुरती आहे. जागा यंदा भरणार आहेत. तू एकटीच उमेदवार नाहीस. हे मी तुला सांगायला हवं का?’

त्यांच्या पत्नी दारात जेवायला बसा म्हणून उभ्या होत्या. मी बसले नाही. एस.टी.त खिडकीची काच बंद होत नव्हती आणि उन्हाची झळ सरळ तोंडावर येत होती. एरंडोलला गाडी थांबली, कुणी काकड्या विकायला आलं, मी घेतल्या नाहीत. माझ्या डोक्यात तो दाणा फिरत होता. त्याला बोटानं दाबून सरळ करावं असं वाटत होतं.

घरी आक्का येऊन पोचली होती. तिची मुलं खोलीभर पसरली होती, आईनं फुणके-कढी केली होती, घरात उकडलेल्या डाळीचा आणि लसणाचा वास भरला होता. नाना खिडकीशी बसून शेवटच्या प्रकरणाची पानं लावत होते. मी पायरीवरच बसले. आईनं मला बघितलं.

‘काय व्हयनं व? तोंड काबर उतरेल शे?’

मी सांगितलं. जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत, मुलांच्या गोंगाटात, सगळ्यांसमोर सांगितलं. सिद्धता चुकली. प्रबंध देता येणार नाही.

नानांनी पानं खाली ठेवली. ‘किती चुकली?’

‘एकच जागा. पण सगळं तिच्यावर उभं आहे.’

‘सर काय म्हणाले?’

‘आहे तसा द्या म्हणाले.’

‘मग?’

‘मी देणार नाही.’

नाना उठले, दारापर्यंत गेले, परत आले. आमच्या खोलीत येरझारा घालायला जागाच नव्हती. ‘एवढे मोठे सर म्हणतात द्या,’ ते म्हणाले, ‘आणि तू म्हणतेस नाही. कोण वाचणार आहे ते? कोणाच्या लक्षात येणार आहे?’

सरांनी म्हटलं तेव्हा मला राग आला होता. नानांनी तेच म्हटल्यावर मला रडू आलं. ते बघून नाना खाली बसले आणि अगदी हळू आवाजात, जणू आक्कालाही ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, ‘पोरी, दुसऱ्या कोणाची चूक निघाली तर म्हणतात चूक झाली. आपली निघाली तर म्हणतात, यांना येतच नाही. मला समजतं ते. पण उशीर झाला तरी तेच म्हणतात. आपल्याला चूक परवडत नाही आणि उशीरही परवडत नाही. मग करायचं काय, तूच सांग.’

आईनं कढईखालचा स्टोव्ह बंद केला आणि एकदम घर शांत झालं.

‘चुकेल शे ते चुकेल शे,’ ती म्हणाली. ‘कोनले दखायनं नही म्हनीसन ते बरोबर थोडंच व्हस? आते बठ्ठा जन जेवी ल्या.’

आम्ही जेवलो. सत्कार पुढे ढकलला असं नानांनी दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन सांगितलं. काय कारण दिलं ते त्यांनी मला कळू दिलं नाही. आक्का दोन दिवस राहून पहूरला परत गेली. पाटी भिंतीकडे तोंड करून कपाटामागे गेली.

लोकांना वाटतं, अशा ठिकाणी गोष्ट वळते. माणूस खरं बोलतो आणि मग त्याला त्याचं फळ मिळतं. मला काही मिळालं नाही. कॉलेजच्या जागा त्या पावसाळ्यात भरल्या गेल्या, ज्यांच्या हातात पदवी होती त्यांच्यातून. मी पुन्हा तात्पुरती. पुढचे दोन उन्हाळे मी त्या दाण्याशी झुंजले. रेषांऐवजी वर्तुळं घेतली, आकाराचे तुकडे करून बघितले, भार थोडा हलवून बघितला. रविवारी सकाळी सगळं देवपूर टीव्हीसमोर असायचं, रस्त्यावर सायकलसुद्धा नसायची, त्या वेळी मी गच्चीवर कागद घेऊन बसायचे. दर थोड्या दिवसांनी वाटायचं की मिळालं, आणि संध्याकाळपर्यंत चूक सापडायची. चूक शोधण्यात मी तरबेज झाले, एवढीच काय ती प्रगती. गणितात न सुटणं वाईट नसतं असं मोठी माणसं म्हणतात. ती आधीच मोठी झालेली असतात. एकटीनं, कुणाला विचारता येत नसताना, बरोबर दिशेनं चाललोय का हेही माहीत नसताना न सुटणं फार वाईट असतं. त्यातून तुम्ही शहाणे होत नाही, नुसते चिडके होता. आई म्हणायची, तुझ्याशी बोलायला भीती वाटते.

शेवटी मी सरांकडे गेले आणि म्हटलं, एक मेट्रिक द्या.

सरांनी जुनं काही काढलं नाही. मेट्रिक दिलं, पद कुठलं बदलायचं ते सांगितलं. समीकरणं सुटली, कारण सुटतील अशाच अटी लावल्या होत्या. त्यात खोटं काही नव्हतं आणि कुणाला हवं असंही काही नव्हतं. नवा प्रबंध टंकला, नानांनी पुन्हा चिन्हं भरली, पहिल्याइतकीच सुरेख. पदवी मिळाली, नोकरी कायम झाली, विहाराच्या हॉलमध्ये सत्कार झाला. माइक किंचाळत होता, मुलं पुढे सतरंजीवर बसली होती, आणि प्रास्ताविक करणाऱ्या गुरुजींनी सांगितलं की आपल्या वस्तीतल्या मुलीनं विश्वाच्या उत्पत्तीवर संशोधन केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या धातूच्या गोळ्यावर एवढ्या टाळ्या कधीच पडल्या नसत्या. नाना पहिल्या रांगेत ताठ बसून रडत होते. मी शाल सावरत उभी होते आणि माझ्या मनात एकच होतं, की हे लवकर संपावं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, नाना निवृत्त झाल्यावर, एका प्रशिक्षणासाठी मी दक्षिणेतल्या एका संस्थेत गेले. तिथल्या ग्रंथालयात नियतकालिकं चालू वर्षापर्यंत होती. पहिले दोन दिवस मी तिकडे फिरकलेच नाही. तिसऱ्या दिवशी गेले आणि सवयीनं अनुक्रमणिका चाळायला लागले, आणि एका ताज्या अंकात माझा प्रश्न समोर आला. शीर्षकातच होता. लेखक परदेशी, नाव माझ्या ओळखीचं नाही. पेपर लहानसा.

मी तिथेच उभी राहून वाचला. त्यानं मध्यबिंदू घेतलाच नव्हता. त्यानं लांबून एक आरसा आणला होता. आरसा आकाराच्या दिशेनं सरकवत न्यायचा. त्यानं आकाराचा जेवढा तुकडा कापला जाईल त्याचं प्रतिबिंब उरलेल्या भागात पडतं. प्रतिबिंब आतून भिंतीला पहिल्यांदा टेकेपर्यंत आरसा ढकलत राहायचं. आणि टेकलं की, भार सगळीकडे सारखा आहे एवढ्या एकाच गोष्टीवरून, ते नुसतं टेकत नाही, तंतोतंत जुळतं. म्हणजे आरशाच्या दोन्ही बाजू सारख्या. आरसा कुठूनही आणा, हेच होतं. आणि कुठूनही दोन्ही बाजू सारख्या असलेला आकार एकच असतो. वालाचा दाणा असो की आणखी काही, या आरशाला फरक पडत नव्हता.

ही युक्ती त्याची स्वतःचीही नव्हती. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं की ती एका जुन्या पेपरातून घेतली आहे. तो पेपर नळीतून वाहणाऱ्या द्रवाबद्दलचा होता. मी गच्चीवर डोकं फोडत होते तेव्हा तो छापून कितीतरी वर्षं झाली होती. जगातल्या अनेक ग्रंथालयांत तो होता. आमच्याकडे नव्हता, आणि असता तरी नळीतल्या द्रवाचा पेपर मी उघडला असता की नाही कुणास ठाऊक. मला आनंद व्हायला हवा होता. अखेर ते खरं होतं. मी जवळच्या खुर्चीवर बसले आणि टेबलावर इतक्या जोरानं हात आपटला की पलीकडचा माणूस दचकला. मग पेपरची झेरॉक्स काढून घेतली.

धुळ्याला परत आले तेव्हा नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. सांगू की नको असं मला वाटत होतं. पण त्यांनी हातातले कागद बघितले आणि विचारलं, ‘काय आणलंस?’

‘माझा तो प्रश्न, नाना. एकानं सोडवला.’

‘कोणता? त्या गोळ्याचा?’

‘हो.’

‘मग काय निघालं? गोलच निघाला?’

‘गोलच.’

नाना खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा चेहरा उजळला. ‘मग तू तेच म्हणत होतीस!’

‘म्हणत होते. सिद्ध त्यानं केलं.’

‘पण तू आधी म्हणाली होतीस. आण इकडे.’

मी कागद दिले. त्यांनी पहिलं पान बघितलं, वरचं नाव वाचलं, मान हलवली. मग मधली पानं उलटली. ‘यात तुझं नाव असेल ना कुठे? तू एवढी वर्षं केलंस त्याच्यावर.’

‘नाही, नाना. मी कधी छापलंच नाही. मी केलं होतं हे त्याला कळणार कसं?’

त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी शेवटचं पान काढलं, जिथे आधी काम केलेल्यांची नावं असतात. ते पान त्यांनी चांगल्या डोळ्याजवळ धरलं आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. जर्मन, रशियन, इटालियन नावं होती. त्यांना ती नीट उच्चारता येत नव्हती, पण ते एकेक नाव अर्धवट मोठ्यानं वाचत बोट खाली सरकवत गेले. मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले होते. आतून आई जेवायला हाक मारत होती. नाना शेवटच्या नावापर्यंत आले, थांबले, आणि पुन्हा वरून, पहिल्या नावापासून वाचायला लागले.